दारातला माग आणि दूरचे गिऱ्हाईक

(मंडळाच्या रौप्यमहोत्सवी वर्धापनदिनी इचलकरंजी येथे केलेले भाषण)



मी काही वक्ती नव्हे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. चार माणसांसमोर उभे राहायचे म्हटले की अजून पाय लटपटतात. पण चिटणीसबाई म्हणाल्या, "तुमच्या भाचीच्या कुर्त्यांची हकीकत सांगा. बचत गटाचे पैसे त्यात गेले आणि परत आले. ते कसे, हे सगळ्यांना कळू दे." तेव्हा नाही म्हणणे बरे दिसेना. गटाचा पैसा घेतला त्याचा हिशेब जसा वहीत लिहावा लागतो, तसा तो तोंडानेही सांगावा, असे मला वाटते. म्हणून आज उभी राहिले आहे. चुकले तर सांभाळून घ्या.

आपले गाव कापडाचे. १९०४ साली विठ्ठलराव दातार यांनी येथे पहिला यंत्रमाग बसविला आणि जहागीरदार नारायणराव बाबासाहेब घोरपडे यांनी त्यांना पाठबळ दिले, ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या एका मागाचे हजारो माग झाले आणि २०२२ साली गावाची महानगरपालिकाही झाली. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हा आमच्या घरी चार साधे माग होते. पहिली काही वर्षे मी कांड्या भरल्या. पुढे दोन वर्षे घडीखात्यात कापड तपासायला जात होते. आमचे माग खर्चीचे. तुम्हांला त्याचा अर्थ सांगायला नको, पण ही स्मरणिका परगावच्या लेकीबाळींच्या हाती जाईल, त्यांच्यासाठी सांगते. सूत व्यापाऱ्याचे, माग आपला आणि मजुरी पिकावर. आडवा धागा एकदा पडला की एक पीक. कापडाच्या एका इंचात ६० पीक असतील आणि पिकाला समजा ७ पैसे दर ठरला, तर मीटरमागे मजुरी चार रुपये वीस पैसे. त्यातून वीज, कामगार आणि सुटे भाग भागवायचे, आणि उरेल त्यात घर चालवायचे.

हे गणित जमेना, तेव्हा चारांतले दोन माग २०१९ साली भंगारात गेले. किलोवर गेले. ज्या मागांवर मुलांची शिक्षणे झाली ते तराजूत चढले, तेव्हा आमच्या घरात दोन दिवस कोणी कोणाशी धड बोलले नाही.

असो. आता भाचीकडे येते. ती माझ्या नणंदेची मुलगी. पुण्यात राहते. कपड्यांची आखणी करण्याचे शिक्षण, ज्याला फॅशन डिझाइन म्हणतात, ते तिने पुरे केले, आणि कोठे नोकरी न धरता स्वतःच्या नावाने कपडे करून विकायचे ठरविले. २०२२ च्या दिवाळीत ती आमच्याकडे आली ती उतरलेले तोंड घेऊनच. परगावच्या एका कारखान्याला तिने ६० कुर्त्यांचे काम दिले होते. (त्या कारखान्याचे नाव मी घेणार नाही.) ते पाचशेखाली काम घेत नव्हते. तिने गयावया केली तेव्हा आगाऊ पैसे घेऊन हो म्हणाले, आणि माल चार महिने उशिरा दिला. एका कुर्त्याच्या दोन बाह्यांचे रंग दोन. गळे वाकडे. फराळाचे ताट पुढे असताना ती म्हणाली, "मामी, माझी मागणी इतकी लहान आहे की मला कोणी दारात उभे करीत नाही. कापडवाला कोठे शोधू आणि शिवणारा कोठे शोधू?"

ती असे म्हणत होती आणि भिंतीपलीकडून शेजारच्या मागांचा खडखडाट ऐकू येत होता. मला मनातून लाज वाटली. कापडाच्या गावातली मामी, आणि भाची कापड शोधत गावोगाव फिरते!

मी यांना म्हटले, "तिला दोनशे मीटर कापड विणून द्या की." हे म्हणाले, "दोनशे मीटरला बीम कोण बांधणार?" भाचीचा चेहरा पडला. तिला वाटले, मामाही नाहीच म्हणतात. पण मामा नाही म्हणत नव्हते, ते हिशेब सांगत होते. भगिनींनो, आजच्या माझ्या बोलण्याचा सगळा अर्थ या एका वाक्यात आहे. लहान गिऱ्हाइकाला कारागिराचा हिशेब नकारासारखा ऐकू येतो. तो हिशेब समजून घेतला, म्हणजे त्यातूनच वाट सापडते.

तो हिशेब असा. कापडाचे उभे धागे म्हणजे ताणा आणि आडवे धागे म्हणजे बाणा. ताण्याच्या सुताला सायझिंगमध्ये कांजी देऊन ते बीमवर गुंडाळतात. ४८ इंच पन्ह्याचे कापड असेल आणि इंचात ६० धागे असतील, तर एका बीमवर जवळजवळ २,९०० धागे होतात. नवीन जातीचे कापड लावायचे म्हटले की त्यातला एकेक धागा हाताने वहीफणीत ओवावा लागतो. तेवढा वेळ माग बंद राहतो. दोनशे मीटर असो की दोन हजार, हा खटाटोप सारखाच. मग मागवाला लहान मागणीला हात लावायला भितो, यात त्याचे काय चुकले?

पण यांनीच पुढे सांगितले, "नवीन ताणा मागू नको. ज्या मागावर तुला पाहिजे तसला ताणा आधीच चढलेला आहे, तो माग शोध. बीम संपत आला असेल तर शेवटचे दोनशे मीटर माग आणि नुसता बाणा बदलून घे." बाणा बदलायला वहीफणी लागत नाही. धोट्यात दुसऱ्या रंगाची कांडी घातली की झाले. पांढऱ्या ताण्यात पक्क्या रंगाचा निळा बाणा टाकला तर कापड आभाळासारखे फिके निळे दिसते. भाचीने चार वर्षे शिक्षण घेतले होते, पण ही गोष्ट तिला त्या दिवशी कळली. आणि मी इतकी वर्षे मागाशेजारी राहून तिचा असा उपयोग कधी केला नव्हता.

आमच्या दोन मागांवर तेव्हा जाड सुताचे कापड होते आणि तिला हवे होते ४० नंबरचे तलम. (सुताचा नंबर वाढला की सूत बारीक होते, हे परगावच्या भगिनींनी ध्यानात ठेवावे.) मग मी डोक्यावर पदर घेतला, भाचीला बरोबर घेतले आणि आम्ही दोघी पायी निघालो. तीन दिवस हिंडलो. पहिल्या दिवशी मोठ्या पाट्या पाहून आत गेलो आणि रिकाम्या हाताने परत आलो. दुसऱ्या दिवशी मला सुचले की कोणाच्या मागावर काय चालले आहे, हे पाटीवर लिहिलेले नसते. ते सायझिंगच्या दारात कळते, कारण बीम तेथूनच जातात. सुट्या भागांच्या दुकानात कळते. घडीखात्यात तर सर्वांत जास्त कळते, कारण कोणाचे कापड निर्दोष येते आणि कोणाच्या कापडात धागे तुटलेले असतात, हे तेथल्या बायका डोळे मिटून सांगतात. माझ्या जुन्या मैत्रिणीने घडीखात्यात बसल्या बसल्या तीन नावे सांगितली. त्यांतले एक आमच्याच मागच्या गल्लीतले निघाले.

त्यांच्याकडे ४० नंबरचा ताणा होता आणि बीम संपत आला होता. पण सूत व्यापाऱ्याचे. तेव्हा त्यांच्याबरोबर व्यापाऱ्याच्या पेढीवर गेलो, ताण्याच्या सुताचे पैसे भरले, त्याची संमती घेतली आणि मजुरी नेहमीच्या दरापेक्षा वाढवून ठरविली. काम थोडे, कटकट जास्त, म्हणून दर जास्त. यात अन्याय नाही. आपल्या गावात १९८२ पासून वस्त्रशास्त्राचे डीकेटीई हे महाविद्यालय आहे. तेथे शिकलेल्या शेजारच्या एका मुलाने भाचीला कापडावर भिंग ठेवून इंचातले धागे मोजायला शिकविले. तेव्हापासून "तलम पाहिजे, छान पाहिजे" असे ती बोलत नाही. ताणा किती नंबरचा, बाणा किती नंबरचा, इंचात धागे किती, पीक किती, पन्हा किती, असे पाच आकडे सांगते. आकडे सांगणाऱ्या मुलीला मागवाला खुर्ची देतो, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

कापड झाले २२५ मीटर. एका कुर्त्याला अडीच मीटर धरून ९० कुर्ते. या कामासाठी मी आपल्या बचत गटातून वीस हजार रुपये घेतले, हे वहीत आहेच.

आता शिवण. येथे मामी-भाचीचे थोडे वाजले, तेही सांगते. शिवायचे काम मंडळातल्या पाचजणींना द्यायचे ठरले. भाची म्हणाली, "मामी, एका कुर्त्याला ४० रुपये देऊ. बाहेर तेवढ्यात शिवून मिळतो." मी हो-नाही काही बोलले नाही. शेजारच्या काकूंच्या मशिनसमोर घड्याळ ठेवले आणि तिला तेथे बसविले. कापलेले तुकडे हाती घेतल्यापासून कुर्ता शिवून व्हायला लागली ५० मिनिटे. काज, बटणे, धागे कापणे आणि इस्त्री यांना आणखी १५. मध्ये वीज गेली ती वेगळीच. आठ तासांत कुर्ते होतात सात. सात चोक २८, म्हणजे दिवसाचे २८० रुपये, आणि त्यात मशिन त्यांचे, वीज त्यांची, सुई मोडली तर सुई त्यांची. मी भाचीला विचारले, "तू बसशील का दिवसभर २८० रुपयांवर?" ती बराच वेळ खाली मान घालून बसली. मग म्हणाली, "मामी, ७० देऊ. पण मग कुर्ता महाग होईल, आणि खपला नाही तर?" मी म्हटले, "नाही खपला तर आपण दोघी मिळून रडू. पण काकूंना रडवून स्वस्त विकायचा नाही."

दर ७० ठरला. कापायला मात्र अनुभवी कटिंग मास्टरला दिले. थराने कापड पसरून कापणे हे घरचे काम नव्हे. थर हलला तर पन्नास कुर्ते एका दमात बिघडतात. आधी एक नमुना शिवला, मग प्रत्येक मापाचा एकेक शिवून अंगावर घालून पाहिला, आणि मगच बाकीचे कापले. एक नमुना सही करून आपल्याकडे ठेवायचा आणि एक शिवणारणीकडे. पुढे वाद झाला तर नमुना बोलतो.

इतके सगळे केले आणि चूक माझ्याच हातून झाली. कोऱ्या कापडात कांजी असते आणि धुतल्यावर ते आटते, हे मला लग्न झाल्यापासून ठाऊक. ५० सेंटिमीटरचा चौकोन आखायचा, धुवायचा, वाळवायचा, इस्त्री करून पुन्हा मोजायचा. ४७ भरला तर शेकडा ६ आटले. तसा चौकोन मी केलाही. पण आपले कापड धुलाईखान्यातून दोन खेपांत आले होते, पहिली खेप १४० मीटर आणि दुसरी ८५. पहिल्या खेपेचा ताका तपासला, तो उत्तम निघाला. दुसरी खेप आली तेव्हा घरात पाहुणे होते, आणि "तेच तर कापड आहे" असे म्हणून मी तपासणी सोडून दिली. त्या ८५ मीटरचे ३४ कुर्ते शिवून झाले. त्यांतला एक भाचीने मैत्रिणीला वापरून पाहायला दिला. पहिल्याच धुण्यात ४२ इंचाचा कुर्ता ३९ वर आला.

भगिनींनो, त्या रात्री मला झोप लागली नाही. पैसे माझे असते तर एक वेळ गिळले असते. पण ते तुमच्या दरमहा शंभर-शंभरांचे होते. सकाळी उठून मी अध्यक्षबाईंकडे गेले आणि सगळे सांगितले. त्या एवढेच म्हणाल्या, "पाहुण्यांना चहा उशिरा दिला असता तर चालले असते." मग त्यांनीच सुचविले की ३४ कुर्ते धुऊन आटवून घ्यावेत आणि खालून कापून आखूड करावेत. तसे केले, खोटे न बोलता कारण सांगून अर्ध्या किमतीला विकले. तोटा आला ८,५०० रुपये. भाची म्हणाली, "मामी, निम्मा माझा." मी म्हटले, "चौकोन तू सोडला नव्हतास." सात महिने मी स्वतः दुसऱ्यांचे कपडे शिवून ते पैसे गटात भरले. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक ताक्यावर आकडा पडतो, आणि ज्याचा चौकोन वहीला टाचलेला नाही तो ताका कटिंगला जात नाही.

राहिलेले ५६ कुर्तेही धडाधड खपले असे समजू नका. पहिल्या महिन्यात १९ गेले. शेवटचा २०२३ च्या गणपतीत गेला. पण एकही परत आला नाही. दुसऱ्या वेळी भाचीने मामांनाच विचारले, आणि यांनी आमच्या दोन मागांपैकी एकावर तलम ताणा चढविला. आता वर्षातून तीन वेळा तिचे काम असते. त्यावर घर चालते असे खोटे कशाला सांगू? पण तिसरा माग भंगारात जायचा, तो अजून जागेवर आहे.

आता ज्यांच्या मुली-सुना असा व्यवसाय करू पाहतात त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगून संपविते.

पहिली, गाव ओळखून जावे. सोलापूर चादरी आणि टॉवेलांचे, येवले पैठणीचे, भिवंडी-मालेगाव यंत्रमागाचे. जे कापड जेथे रोज विणले जाते तेथे ते लहान मापात मिळण्याची आशा असते.

दुसरी, पाठीमागून येणारी मागणी प्रामाणिकपणे सांगावी. "पुढच्या वेळी हजार घेईन" असे आमिष दाखवून दर पाडू नये. मागवाल्यांनी अशी आमिषे पुष्कळ पाहिली आहेत.

तिसरी, पैशाचे लेखी असावे. आमच्याकडे निम्मे आधी आणि निम्मे माल तपासून हाती घेताना, असा रिवाज आहे. २००६ च्या लघुउद्योगांच्या कायद्याप्रमाणे नोंदलेल्या लहान उत्पादकाचे पैसे लेखी कराराने ठरलेल्या मुदतीत, पण फार तर ४५ दिवसांत द्यावे लागतात, आणि करार नसेल तर १५ दिवसांत. ही उद्यम नोंदणी २०२० पासून आहे आणि सरकार तिच्यासाठी एक पैसाही घेत नाही. शिवणकाम करणाऱ्या आपल्या भगिनींनी ती करून घ्यावी, आणि कोणी पैसे मागितले तर देऊ नयेत.

चौथी, कारागिराला आपला माल दाखवावा. हे मी का म्हणते ते सांगते. पहिला कुर्ता तयार झाला तेव्हा भाची तो घालून मामांपुढे उभी राहिली. यांनी आधी बाही उलटी करून शिवण पाहिली, मग चष्मा लावून कापड पाहिले. मग म्हणाले, "पंचवीस वर्सं कापड विणलं, पण ते अंगावर चढलेलं आज बघाय मिळालं." हे कापड यांच्या मागावरचे नव्हते, मागच्या गल्लीतले होते. तरी यांचा आवाज बदलला होता. दुसऱ्या दिवशी हे स्वतः त्या मागवाल्याला घरी घेऊन आले आणि त्यालाही तो कुर्ता दाखविला.

आता मंडळाकडे एक मागणे मागते. आम्ही तीन दिवस हिंडून जे पत्ते मिळविले, ते आपल्या सभासदांना बसल्या जागी ठाऊक होते. कोणी कांड्या भरते, कोणाच्या घरी माग आहे, कोणी घडीखात्यात आहे, कोणी काज-बटण करते. पण एकीचे दुसरीला ठाऊक नाही आणि बाहेरून येणाऱ्या मुलीला तर काहीच ठाऊक नाही. म्हणून या वर्षी मंडळाने एक वही घालावी. तिच्यात ज्यांची संमती असेल त्यांची नावे, काम, किती लहान मागणी घेतील आणि दर काय, हे लिहावे. दर आपण सर्वांनी बसून ठरवावा, म्हणजे गरजेपोटी एकटीदुकटी ४० रुपयांवर उतरणार नाही. वही मी आणली आहे. पहिल्या पानावर मागच्या गल्लीतल्या मागवाल्याचे नाव आहे, दुसऱ्यावर काकूंचे. तिसरे पान कोरे आहे. कार्यक्रम संपल्यावर चहा आहेच, तेव्हा मी दाराशी वही घेऊन बसेन. लिहिता येत नसेल तिने सांगावे, मी लिहीन. माझे अक्षर बरे आहे.